शीत त्याच भाताचं हवं

गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया आता आपल्याकडे नवलाईची राहिलेली नाही. ओळखीत कुणाच्या ना कुणाच्या आईचा, मावशीचा, काकांचा गुडघा बदललेला असतोच. त्या शस्त्रक्रियेबरोबर एक वादही घराघरांत शिरला आहे. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर हेपॅरिनची इंजेक्शनं घ्यायची, रक्त पातळ करणारी नवी महागडी गोळी घ्यायची, की साधी ॲस्पिरिन पुरते? एक बाजू म्हणते, "आमच्याकडे इतक्या चाचण्यांचा पुरावा आहे." दुसरी म्हणते, "तीस वर्षं ऑपरेशनं करतोय, आपल्या लोकांना गुठळ्या होतच नाहीत." मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. हा वाद ऐकताना जीव तुटतो, कारण दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला हातच घालत नाहीत. पहिली बाजू चाचण्यांची संख्या मोजते आणि दुसरी स्वतःच्या आठवणी. पण त्या चाचण्यांनी नेमकं काय मोजलं, कुणी मोजलं आणि मोजणीतून कोण गळालं, हे विचारतं कोण?

माझं म्हणणं आधीच सांगते. गुठळी टाळणाऱ्या औषधांच्या बऱ्याच गाजलेल्या चाचण्यांनी रुग्णाला जे भोगावं लागतं ते मुख्यतः मोजलंच नाही, फिल्मवर दिसणारी सावली मोजली. एखादं औषध बाजारात आणायला तेवढं पुरत असेल. पण लाखो माणसांना कोणता उपचार द्यायचा हे त्यावरून ठरवू नये. ते ठरवायचं असेल तर मृत्यू, फुप्फुसात अडकलेली गुठळी, सुजून दुखणारा पाय आणि जीवावर बेतणारा रक्तस्राव, एवढंच मोजणाऱ्या मोठ्या, साध्या चाचण्या हव्यात. अशा चाचण्या करणं शक्य आहे, आणि त्या झालेल्याही आहेत.

हा प्रश्न मला पहिल्यांदा बोचला तो आईच्या खाटेशेजारी बसलेली असताना. तिचा उजवा गुडघा बदलला होता. रोज संध्याकाळी सिस्टर यायची, पोटाची चिमूट धरायची आणि बारीक सुई टोचायची. चौथ्या दिवसापर्यंत बेंबीच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे जांभळे डाग उठले होते, कडेने पिवळे पडत चाललेले. पायातले पांढरे घट्ट मोजे सारखे खाली सरकून गुडघ्यामागे गुंडाळी व्हायचे आणि तिथल्या नाजूक कातडीवर वळ उमटायचा. फेरीला आलेल्या तरुण डॉक्टरला मी विचारलं, याने नक्की काय टळतं? तो म्हणाला, "गुठळीचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं, काकू." मी विचारलं, कोणती गुठळी? आईला जिचा त्रास होईल ती, की जी फक्त तपासणीत दिसते ती? मुलगा प्रामाणिक होता. क्षणभर थांबून म्हणाला, "तपासणीतली. त्रास देणारी फार थोड्यांना होते."

हा फरक किती मोठा आहे? २००५ साली आशियातल्या रुग्णांवरचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. दोन्हींत खुब्याच्या-गुडघ्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया होत्या आणि दोन्हींत गुठळी टाळणारं औषध दिलेलं नव्हतं. 'एडा' या अभ्यासात पायात रंगद्रव्य सोडून शिरांचं चित्र काढलं, म्हणजे व्हेनोग्राम केला. ज्यांचं चित्र नीट आलं त्यांच्यापैकी ४१ टक्क्यांच्या पायात गुठळी दिसली. 'स्मार्ट' या अभ्यासात २४२० रुग्णांपैकी किती जणांना त्रास देणारी गुठळी झाली ते पाहिलं. तो आकडा होता १.२ टक्के. एकच खंड, त्याच प्रकारच्या शस्त्रक्रिया, तेच वर्ष. ४१ टक्क्यांचा आकडा ऐकणारा डॉक्टर घाबरून सगळ्यांना औषध देईल आणि १.२ टक्के ऐकणारा "आपल्याकडे होतच नाही" म्हणून निर्धास्त राहील. दोघंही खोटं बोलत नाहीत, पण दोघांची मापं वेगळी आहेत. पोटरीतल्या बारीक शिरांमधल्या बहुतेक गुठळ्या शरीर स्वतःच विरघळवतं. थोड्या मांडीपर्यंत चढतात, त्यातली एखादी सुटून फुप्फुसात जाते आणि माणूस बसल्या जागी कोसळतो. साप चावतो हे खरं आहे, पण म्हणून दोरीसारख्या दिसणाऱ्या प्रत्येक सावलीवर काठी आपटत सुटलो तर शेवटी भुईच धोपटली जाते.

आता एका नावाजलेल्या चाचणीकडे बारकाईने पाहू. २००८ साली 'रेकॉर्ड-१' प्रसिद्ध झाली. खुबा बदललेल्या ४५४१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करून एका गटाला रिव्हरॉक्सबान ही गोळी आणि दुसऱ्याला एनॉक्सापॅरिनचं, म्हणजे हेपॅरिनच्याच एका प्रकाराचं, इंजेक्शन दिलं. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही. मांडणी उत्तम होती. गोळीच्या गटात १.१ टक्का आणि इंजेक्शनच्या गटात ३.७ टक्के गुठळ्या निघाल्या, आणि हे दोन आकडे जगभर फिरले. मात्र हा हिशेब ३१५३ रुग्णांचा होता. बाकी जवळजवळ तीस टक्के रुग्ण प्रामुख्याने व्हेनोग्राम झाला नाही किंवा नीट आला नाही म्हणून मुख्य मोजणीतून बाहेर राहिले. चिठ्ठ्या टाकून जो समतोल साधला होता, तो तीनातला एक माणूस गळाल्यावर टिकला की नाही, हे कसं कळणार? त्रास देणाऱ्या गुठळ्यांपुरतं पाहिलं तर गोळीच्या गटात ६ जण होते आणि इंजेक्शनच्या गटात ११. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. शिवाय 'मोठा रक्तस्राव' या शब्दांच्या व्याख्येत जखमेतला रक्तस्राव सहसा धरलेलाच नव्हता. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तरच तो मोजला जाई. सांधा बदलणाऱ्या कुठल्याही सर्जनला विचारा, त्याला रात्री झोप लागू देत नाही ती गोष्ट कोणती? भिजत राहणारं ड्रेसिंग, सांध्यात साठलेलं रक्त, आणि त्यातून होणारा जंतुसंसर्ग. तेच हिशेबाबाहेर ठेवलं, तर फायदा आणि तोटा एका तराजूत तोलले असं कसं म्हणायचं?

विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच येतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. फुप्फुसातल्या गुठळीने होणारा मृत्यू विरळा असतो. हजारात दोन-चार मृत्यूंचा फरक सिद्ध करायला दहा-दहा हजार माणसं लागतात. तेवढा पैसा आणि वेळ कुठून आणायचा? व्हेनोग्रामवर दिसणारी गुठळी हीच पुढे जीव घेते, मग तीच मोजली तर बिघडलं काय? आपणही शितावरून भाताची परीक्षा करतोच की.

करतो, आणि ती खरी उतरते, कारण ते शीत त्याच भांड्यातलं असतं, त्याच आचेवर शिजलेलं. पोटरीतली मुकी, म्हणजे काहीच त्रास न देणारी, गुठळी हे जीवघेण्या गुठळीच्या भांड्यातलं शीत आहे हे दर वेळी गृहीत धरता येत नाही. औषधाने पोटरीतल्या गुठळ्या निम्म्या केल्या म्हणजे फुप्फुसातल्याही निम्म्या होतील, आणि वाढलेला रक्तस्राव तो फायदा खाऊन टाकणार नाही, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. वैद्यकाने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांचे ठोके अधूनमधून चुकतात त्यांना मृत्यूचा धोका जास्त, हे माहीत होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं चुकणारे ठोके दाबून टाकत, हेही दिसत होतं. मग ती दिली तर मृत्यू घटणार, याहून सरळ तर्क कोणता? अमेरिकेतल्या 'कास्ट' चाचणीने ठोके मोजण्यावर न थांबता मृत्यू मोजले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत औषध घेतलेल्या ७५५ जणांपैकी ६३ जण दगावले होते आणि प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, घेतलेल्या ७४३ पैकी २६. ठोके सुधारले आणि माणसं गेली. गुठळीच्या औषधांचं असं झालंय असं मी म्हणत नाही. हेपॅरिनने जीव वाचतात याचा पुरावा आहे. मी एवढंच म्हणते की तो पुरावा मृत्यू मोजणाऱ्यांनी मिळवला, सावल्या मोजणाऱ्यांनी नाही.

कोणी मिळवला? १९७५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या विजय कक्कर यांनी अनेक देशांतल्या रुग्णालयांना बरोबर घेऊन शस्त्रक्रियेच्या ४१२१ रुग्णांची चाचणी पुरी केली. निम्म्यांना कमी मात्रेचं हेपॅरिन दिलं, निम्म्यांना दिलं नाही. शवविच्छेदनात फुप्फुसातल्या मोठ्या गुठळीने मेलेले आढळले ते औषध न घेतलेल्यांत १६ आणि घेतलेल्यांत २. ही चाचणीही निर्दोष नव्हती. कुणाला औषध मिळतंय हे उघड होतं. दगावलेल्या सगळ्यांचं शवविच्छेदन झालं नाही; एका गटात ७२ टक्क्यांचं झालं, दुसऱ्यात ६६ टक्क्यांचं. कुणी शंका घेईल की न तपासलेल्यांत काय दडलं होतं कोण जाणे. पण एकूण मृत्यूही छापलेले आहेत, १०० विरुद्ध ८०. कारण ठरवताना मन एका बाजूला झुकू शकतं, मेलेल्यांची डोकी मोजताना फारशी चूक होत नाही. कठोर माप धरलं की पद्धतीतल्या लहानसहान भेगा त्या चाचणीला बुडवत नाहीत. आपल्या मुंबईतलं जुनं उदाहरण आठवा. १८९७ च्या प्लेगात हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगात लस टोचली ती स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना. चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या आणि आजच्या कसोटीवर ती विभागणी टिकणार नाही. तरी ती मोजणी सव्वाशे वर्षांनी वाचावीशी वाटते, कारण एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांत प्लेग कुणाला झाला आणि कोण दगावलं हे त्यात मोजलं होतं.

आणि मोठ्या चाचण्या परवडत नाहीत, या म्हणण्याचं काय? २००० साली 'पेप' चाचणीत खुब्याचं हाड मोडलेले १३,३५६ रुग्ण होते. रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा प्लासिबो, ३५ दिवस. जगातल्या स्वस्तातल्या स्वस्त औषधांपैकी एक, आणि व्हेनोग्रामची सक्ती नाही. निष्कर्ष असा निघाला की हजार रुग्णांमागे फुप्फुसातल्या गुठळीचे साधारण चार मृत्यू टळतात आणि रक्त चढवावं लागणारे रक्तस्राव साधारण सहा वाढतात. यातल्या बऱ्याच रुग्णांना शिवाय हेपॅरिनही दिलेलं होतं, त्यामुळे एकट्या ॲस्पिरिनचं श्रेय किती यावर वाद घालता येतो, आणि तो वाद रास्त आहे. पण पुढे जे घडलं ते पाहा. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ च्या मार्गदर्शिकेत एकटी ॲस्पिरिन कुणालाही देऊ नका असं बजावलं. २०१२ च्या आवृत्तीत सांधेरोपणानंतरच्या पर्यायांत ॲस्पिरिन आली. मधल्या चार वर्षांत 'पेप'चे आकडे तर बदलले नव्हते. बदलली होती मापपट्टी. २०१२ मध्ये मुक्या गुठळ्यांना कमी वजन दिलं गेलं आणि पद्धतीची जाण असलेल्या, हितसंबंध नसलेल्या माणसांना पुढे बसवलं गेलं. पद्धतीवरची चर्चा म्हणजे पंडितांचा शब्दच्छल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही चार वर्षं डोळ्यांसमोर ठेवावीत. लाखो रुग्णांच्या हातात काय पडतं, ते त्या चर्चेने बदललं.

मोज्यांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. शस्त्रक्रियेच्या रुग्णांत घट्ट मोज्यांचा उपयोग दिसला होता, म्हणून पक्षाघाताच्या रुग्णांनाही ते चढवले जाऊ लागले. त्यात काय नुकसान, कापडच तर आहे, असाच सगळ्यांचा समज होता. 'क्लॉट्स-१' चाचणीने पक्षाघाताच्या २५१८ रुग्णांत तो पारखून पाहिला. मोजे काही लपवता येत नाहीत, पण डॉपलर सोनोग्राफी करणाऱ्या तंत्रज्ञाला मोजे कुणाला होते हे कळू दिलं नव्हतं. वरच्या मोठ्या शिरांतली गुठळी मोजे घातलेल्यांत १० टक्के, न घातलेल्यांत १०.५ टक्के. म्हणजे फायदा जवळजवळ नाही. कातडी फाटणं, फोड, जखमा मात्र ५ टक्के विरुद्ध १ टक्का. २००९ साली हे छापून आलं. आईच्या गुडघ्यामागचा वळ पाहताना मला हेच आठवत होतं. सूज, लकवा, बधिर पाय असलेल्या माणसाला तो वळ कळतही नाही आणि त्याची जखम होते.

कोविडच्या काळात तर आपण सगळेच या घोटाळ्यातून गेलो. डी-डायमरचा, म्हणजे गुठळीची शक्यता सुचवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट हातात घेऊन माणसं औषधांच्या दुकानासमोर उभी होती. घरी परतलेल्या रुग्णांनी रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवावी का? ब्राझीलच्या 'मिशेल' चाचणीत ३२० रुग्ण होते, प्लासिबो नव्हता, आणि त्रास नसलेल्यांच्याही पायांची-फुप्फुसांची तपासणी करून गुठळ्या शोधल्या होत्या. ९ टक्क्यांवरून ३ टक्के असा घसघशीत फायदा दिसला. नंतर अमेरिकेत 'ॲक्टिव्ह-४सी' झाली. १२१७ रुग्ण, दुसरी गोळी, प्लासिबोसह, कुणाला काय मिळतंय हे दोन्हीकडे झाकलेलं. फरक २.१३ विरुद्ध २.३१ टक्के, म्हणजे नसल्यात जमा. दोन्हींतले रुग्ण सारखे नव्हते. ब्राझीलमध्ये जास्त धोक्याचे निवडले होते, आणि अमेरिकेतली चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. म्हणून 'मिशेल' चुकीची ठरली असं मी म्हणणार नाही. पण तीनशे जणांच्या उघड चाचणीवर सरसकट औषध सुरू करणं घाईचं होतं, हे म्हणेन.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. तो मला खरोखर अस्वस्थ करतो. भारतात गुठळीचा धोका असलेल्या रुग्णांना प्रतिबंधक उपचार मुळातच फार कमी मिळतो. 'एंडोर्स' या ३२ देशांतल्या पाहणीत भारतातल्या धोका असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम १७.४ टक्क्यांना मार्गदर्शिकेप्रमाणे उपचार मिळत होता. अशा देशात चाचण्यांचे दोष चव्हाट्यावर मांडले तर "बघा, पुरावाच कच्चा आहे" म्हणून उरलेलेही औषध सोडतील आणि टाळता येण्याजोगे मृत्यू होतील. ही भीती खोटी नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या आजीला काहीच न देणं हा पुराव्याविरुद्धचा अपराध आहे, आणि माझा लेख वाचून कुणी तसं करणार असेल तर तो मला उलटा समजला.

पण १७.४ टक्के हा आकडाही एका मार्गदर्शिकेच्या मापानेच काढलेला आहे. ते माप सगळ्या रुग्णांना सारखं लागू आहे का? याचं उत्तर शोधणाऱ्या एका चाचणीत भारतीय रुग्णही होते. 'लाइफेनॉक्स' चाचणी भारत, चीन, कोरिया, मलेशिया, मेक्सिको, फिलिपिन्स आणि ट्युनिशियात झाली. शस्त्रक्रिया नाही, अचानक गंभीर आजाराने दाखल झालेले ८३०७ रुग्ण. सगळ्यांना मोजे, आणि त्यावर एनॉक्सापॅरिन किंवा प्लासिबो. तिचे प्रमुख लेखक अजय कक्कर, १९७५ च्या विजय कक्करांचे चिरंजीव. मोजायचं ठरवलं ते सगळ्यात कठोर माप, म्हणजे तीस दिवसांतला कुठल्याही कारणाने झालेला मृत्यू. औषधाच्या गटात ४.९ टक्के, प्लासिबोच्या गटात ४.८ टक्के. २०११ साली हे जसंच्या तसं छापलं गेलं. औषध निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. मृत्यूची इतर कारणं इतकी होती की गुठळीचा वाटा त्यात बुडून गेला असेल. पण वडिलांच्या चाचणीने शस्त्रक्रियेच्या रुग्णांत जे दाखवलं ते वॉर्डातल्या तापाच्या रुग्णाला आपोआप लागू होत नाही, हे मुलाच्या चाचणीने दाखवलं. आपल्याच माणसांनी सुया टोचून घेऊन मिळवलेला हा पुरावा आपल्याकडच्या वादात मी एकदाही ऐकलेला नाही. दोष लपवून टिकवलेला विश्वास पहिल्या धक्क्याला कोसळतो. पुरावा कुठे पक्का आणि कुठे कच्चा हे मोकळेपणाने सांगितलं, तरच पक्क्या जागी लोक औषध सोडणार नाहीत.

अनेक लहान चाचण्या एकत्र करून सरासरी काढली की दोष धुऊन निघतात, असाही एक समज आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? दहा चाचण्यांनी पोटरीतल्या सावल्याच मोजल्या असतील तर बेरजेतही सावल्याच येतात, फक्त दशांश चिन्हापुढचे आकडे वाढतात.

मग इंजेक्शन की ॲस्पिरिन? कॅनडातल्या 'एपकॅट-२' मध्ये सांधा बदललेल्या सगळ्यांना आधी पाच दिवस रिव्हरॉक्सबान दिलं आणि पुढे ॲस्पिरिन किंवा तीच गोळी. त्रास देणाऱ्या गुठळ्या ०.६४ आणि ०.७० टक्के, म्हणजे बरोबरी. ऑस्ट्रेलियातल्या 'क्रिस्टल'मध्ये पहिल्या दिवसापासून दिलेली एकटी ॲस्पिरिन एनॉक्सापॅरिनच्या इंजेक्शनपुढे मागे पडली, ३.४५ विरुद्ध १.८२ टक्के, पण त्या जास्तीच्या गुठळ्या मुख्यतः गुडघ्याखालच्या होत्या. अमेरिका-कॅनडातल्या हाडं मोडलेल्या १२,२११ रुग्णांत मृत्यू ॲस्पिरिनवर ०.७८ आणि इंजेक्शनवर ०.७३ टक्के, फुप्फुसातली गुठळी दोन्हीकडे १.४९ टक्के, पायातली ॲस्पिरिनवर थोडी जास्त. एक बाजू यातली एक चाचणी नाचवते, दुसरी बाजू दुसरी. शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या तर त्या भांडत नाहीत. पायातल्या गुठळ्या इंजेक्शन थोड्या जास्त टाळतं. जीव वाचवण्यात हाडं मोडलेल्यांत तरी फरक दिसलेला नाही. आणि पहिले काही दिवस मजबूत औषध देऊन मग ॲस्पिरिनवर येणं हा समंजस मार्ग दिसतो. एवढं ठामपणे सांगता येतं, कारण या तिन्ही चाचण्यांनी व्हेनोग्राम बाजूला ठेवला.

महाराष्ट्रातल्या रुग्णालयांना असं काही करणं अशक्य आहे का? २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची भारताच्या नोंदणीपुस्तकात नोंद सक्तीची आहे आणि मुख्य मोजमाप काय, हे तिथे आधीच लिहून द्यावं लागतं. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकच्या रुग्णालयांनी एकत्र यावं. सांधा बदललेल्या प्रत्येक इच्छुक रुग्णाची विभागणी संगणकाने करावी, इंजेक्शन किंवा ॲस्पिरिन. नवी यंत्रं नकोत, रंगद्रव्य नको. नव्वदाव्या दिवशी एका माणसाने घरी फोन करावा, ज्याला कुणी काय घेतलं हे ठाऊक नाही. विचारायचं एवढंच: आई बऱ्या आहेत ना? मध्ये पाय सुजून किंवा दम लागून दवाखान्यात न्यावं लागलं का? जखम पुन्हा उघडावी लागली का? रक्त चढवावं लागलं का?